समोरचा एजंट आणि आपण: रिसेल फ्लॅटच्या व्यवहारातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः पुणे आणि आसपासच्या रिसेल व्यवहारांसाठी आहेत. एक एजंट विकणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा, आणि दोघांची ओळख बहुतेक वेळा फोनवरच झालेली. नव्याने धंद्यात आलेले लोक हे प्रश्न सारखे विचारतात. काही प्रश्न ग्राहकांचेही आहेत.

दोघांच्या पार्ट्या वेगळ्या, हित वेगळं. मग समोरच्या एजंटशी संबंध चांगले ठेवायचेच कशाला?

भाव ठरेपर्यंत हित वेगळं असतं. भाव ठरला की दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे नोंदणी. विसार (आगाऊ टोकन रक्कम) दिल्यापासून खरेदीखतापर्यंत साधारण दोन-अडीच महिने जातात. त्या काळात विकणाऱ्याच्या कर्जाचा हिशेब, सोसायटीचं पत्र, घेणाऱ्याच्या बँकेची वकिली तपासणी, मसुदा, टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून कापून भरायचा आयकर), किल्ली अशी कामांची रांग लागते. यातलं जवळपास कुठलंच काम एका बाजूला एकट्याने उरकता येत नाही. भावाच्या वेळी ज्याचा पाणउतारा केला, त्याच्याकडेच आठवड्याने 'दादा, शेअर सर्टिफिकेटची कॉपी तेवढी पाठवा ना' म्हणून फोन करावा लागतो.

शिवाय बाजार लहान आहे. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात रिसेल करणारे चेहरे तेच ते. आज घेणाऱ्याकडून बोलणारा पुढच्या महिन्यात विकणाऱ्याकडून बोलत असतो, आणि 'ह्याला फ्लॅट दाखवायचा का' हे तेव्हा तो ठरवतो.

पहिल्या फोनवर काय काय विचारून घ्यावं?

चार गोष्टी. फ्लॅट तुमच्याकडे डायरेक्ट आहे की मध्ये आणखी कोणी आहे? ब्रोकरेज कसं? मालकाने सांगितलेला भाव कोणता? आणि फ्लॅट बघायला कधी येता येईल?

पहिला प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण सगळी गोची तिथेच होते. ग्रुपवर फिरणाऱ्या एकाच टू बीएचकेच्या मागे तीन-तीन एजंटांची साखळी असते आणि शेवटच्या माणसाला मालकाचं आडनावही माहीत नसतं. साखळी असली म्हणून बिघडत नाही, पण किती कड्या आहेत ते आधी कळलं पाहिजे, कारण ब्रोकरेज तेवढ्यांत वाटलं जाणार असतं.

फोन झाला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका. अशा: 'नमस्कार. आत्ता बोललो त्याप्रमाणे तुमचा डहाणूकर कॉलनीचा टू बीएचके, तिसरा मजला, मागणी १ कोटी १०. माझी पार्टी कुटुंबासह शनिवारी ११ वाजता. ब्रोकरेज साइड बाय साइड. बरोबर ना?' समोरून नुसता अंगठा आला तरी चालतो. पुढे वाद झालाच तर हा अंगठा फार कामाला येतो.

'साइड बाय साइड' बरं की शेअरिंग?

आमच्याकडे रिसेलला साइड बाय साइड हाच रिवाज आहे: आपापल्या पार्टीकडून आपापलं ब्रोकरेज. दर बोलून ठरतो. एक टक्का ते दोन टक्के असं ऐकायला मिळतं, आणि कोणत्याही रिसेल ब्रोकरेजचा दर कायद्याने ठरवून दिलेला नाही.

शेअरिंग तेव्हाच करावं जेव्हा एकच बाजू पैसे देणार आहे, उदाहरणार्थ विकणारा म्हणतो की मी देतो, घेणाऱ्याकडून काही घेऊ नका. अशा वेळी निम्मं-निम्मं की साठ-चाळीस, हे व्हिजिटच्या आधी ठरवायचं. जीएसटी नंबर असलेला एजंट १८ टक्के वर लावतो, नसलेला लावत नाही. हा फरक हिशेबात आधीच धरा, नाहीतर शेवटच्या दिवशी 'माझ्या वाट्याला एवढंच?' सुरू होतं.

समोरच्या पार्टीने त्याच्या एजंटचं ब्रोकरेज थकवलं तर ते प्रकरण त्याचं आहे. मदत म्हणून शब्द टाकायला हरकत नाही. पण किल्ली अडवून ठेवणं किंवा मूळ कागद दाबून ठेवणं असल्या प्रकारात साथ देऊ नका. त्रास तुमच्याच पार्टीला होतो.

मालक म्हणतात, 'मला नेट ९५ द्या, वरचे तुमचे.' हे समोरच्या एजंटला सांगायचं का?

हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो तितक्या वेळा माझं उत्तर एकच: नेट रेटचं काम घेऊच नका. 'वरचे' खाण्याचा हिशेब मनात असला की समोरच्या एजंटशी सरळ बोलता येत नाही. तो विचारतो, 'मालक किती खाली येतील?' आणि तुम्ही मालकाच्या पोटातलं सांगायच्या ऐवजी स्वतःच्या खिशातलं सांगता. घेणारा ९८ वर अडला, मालकाला ९५ पुरे आहेत, तरी तुम्ही १ कोटी २ धरून बसता आणि सौदा जातो. मालकाला कधीच कळत नाही की आपलं घर का विकलं गेलं नाही.

आणि सौदा झालाच तर 'वरचे' किती ते मालकाला कळतंच. विसार पावतीवर दोन्ही पार्ट्या समोरासमोर बसतात, सही करताना रक्कम वाचली जाते, मग मालक चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात. कायद्याच्या बाजूनेही हे अंगावर येणारं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटने मालकाला अंधारात ठेवून त्या व्यवहारात स्वतःचा फायदा केला तर तो फायदा मालक मागू शकतो अशी तरतूद आहे.

समोरच्याकडे नेट रेटचा माल आहे असं वाटलं तर एकच मागणी करा: विसाराची बोलणी मालकांच्या उपस्थितीत करू. खरा एजंट लगेच हो म्हणतो. टाळाटाळ झाली की समजून घ्यायचं.

माझ्या पार्टीबद्दल समोरच्याला किती सांगायचं आणि किती हातचं राखायचं?

बऱ्याच जणांना वाटतं, संबंध चांगले म्हणजे सगळं मोकळेपणाने सांगणं. तसं अजिबात नाही. पार्टीची गरज आणि पार्टीची शेवटची रक्कम या दोन गोष्टी तुमच्याकडे ठेव म्हणून आलेल्या असतात. मुलाच्या फीसाठी घर विकतायत, नवरा-बायको वेगळे होतायत, बदली झाली आहे आणि महिन्यात जायचं आहे, घेणाऱ्याची मर्यादा १ कोटी ५ आहे पण तो ९५ पासून सुरुवात करतोय: यातलं काहीही चहाच्या टपरीवर समोरच्याला सांगितलं तर ती मैत्री तुमच्या पार्टीच्या पैशाने केलेली असते. आणि ऐकणाराही शहाणा असेल तर मनात नोंद करतो की हा स्वतःच्या माणसाचं पोट उघडं करतो, उद्या माझं काही सांगितलं तर तेही करील.

घराबद्दलच्या गोष्टी मात्र लपवायच्या नाहीत. फ्लॅटवर कर्ज आहे का, भाडेकरू कधी जाणार, वरच्या मजल्यावरून बाथरूममध्ये ओल येते का, सोसायटीची थकबाकी किती, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, पार्किंग कागदावर आहे की नुसतं वहिवाटीचं आहे. हे सगळं आज ना उद्या बाहेर येणारच. भावाच्या आधी बाहेर आलं तर भावात धरलं जातं. विसारानंतर आलं तर भांडण होतं.

पार्किंगचा घोळ तर नेहमीचा. बिल्डरने जुन्या काळी पावतीवर 'विकलेलं' पार्किंग आणि सोसायटीने वाटून दिलेलं पार्किंग यांत गल्लत असते. स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. म्हणून 'कव्हर्ड पार्किंग आहे' एवढ्यावर थांबू नका; सोसायटीच्या वाटपाचं पत्र आधी मागवा.

तिसरी एक जात आहे, अफवांची. 'दुसरी पार्टी उद्या टोकन घेऊन येतेय' हे खरं असेल तेव्हाच बोला. खोट्या पार्टीची भीती एकदा चालते. दुसऱ्यांदा समोरचा 'घ्या त्यांच्याकडून' म्हणतो आणि फोन ठेवतो.

व्हिजिटला गेल्यावर दोन्ही पार्ट्या आपसात बोलू लागल्या तर? 'क्रॉस' व्हायची, म्हणजे एजंटला वगळून परस्पर सौदा व्हायची, भीती वाटते.

पुण्यात घर बघायला गेलं की आधी 'तुम्ही मूळचे कुठले' होतं, मग दोघांचाही कोणी तरी सांगलीत निघतो आणि एजंट दोघे गॅलरीत उभे राहतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. लोकांना एकमेकांचा अंदाज घेऊ द्यावा. घर घेणाऱ्याला आधीचे मालक सज्जन वाटले की पुढची निम्मी कामं सोपी होतात. भावाची गोष्ट निघाली की मात्र हसत हसत मध्ये पडायचं: 'काका, ते आम्ही दोघं बसून बोलतो.' हे वाक्य दोन्ही एजंटांनी आपापल्या पार्टीला जिन्यातच सांगून ठेवलेलं असावं.

समोरच्याच्या पार्टीशी स्वतःहून संपर्क साधायचा नाही, हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो. नंबर हाती लागला तरी नाही. समोरून तिने फोन केला तर नम्रपणे 'तुमच्या एजंटना सांगा, ते मला बोलतील' म्हणायचं आणि त्या एजंटला लगेच कळवायचं. सौदा झाल्यावरसुद्धा थेट बोलायचं असेल तर त्याला विचारून बोलायचं.

क्रॉस बहुतेक वेळा पार्ट्यांकडून होतच नाही, गेटवर होतो. वॉचमनला प्रत्येक विकाऊ फ्लॅट माहीत असतो, मालकाचा नंबरही असतो, आणि पाचशेची नोट त्याला कोणीही देऊ शकतो. यावर उपाय एकच: व्हिजिट झाली की तारीख-वेळेसकट समोरच्या एजंटला मेसेज, आणि त्याने तो मालकांना पुढे पाठवायचा. मग हीच पार्टी महिन्याने दुसऱ्या दाराने आली तरी मालकांकडे नोंद असते.

भाव अडला आहे. घेणारा ९८, विकणारा १ कोटी ५. दोघेही हटायला तयार नाहीत. एजंटांनी काय करावं?

आधी दोघांनीच भेटा, पार्ट्यांशिवाय. आकड्यावरून पुन्हा झोंबाझोंबी करू नका. आकड्याच्या आजूबाजूला काय आहे ते मांडा.

असा संवाद मी अनेकदा ऐकला आहे, दोन्ही बाजूंनी केलाही आहे:

'दादा, तुमचे साहेब ९८ च्या वर येत नाहीत, बरोबर. पण पैसे किती दिवसांत?'
'लोन मंजूर आहे. पंचेचाळीस दिवस धरा.'
'आमच्या काकूंना ताबा तीन महिन्यांनी द्यायचाय. मुलीची दहावी आहे.'
'तीन महिने थांबले तर आमचं भाडं वाचत नाही ना…'
'मग मॉड्युलर किचन, दोन एसी, इन्व्हर्टर सगळं ठेवतो. सोसायटीची ट्रान्सफर फी आम्ही भरतो.'
'मग मी साहेबांना १ कोटी १ विचारून बघतो. तुम्ही काकूंना १ कोटी २ विचारा.'

मधला आकडा कोणाचा, हे कोणालाच नीट कळत नाही, आणि ते बरंच असतं. कुठल्याही पार्टीला आपण हरलो असं वाटता कामा नये. यात कोणीही आपल्या माणसाची शेवटची रक्कम फोडलेली नाही, हे लक्षात घ्या. ताबा, वस्तू, फी, मुदत, यांच्यात जागा शोधली.

वरच्या संवादातल्या दहावीचं मात्र मला थोडं खटकतं. ती गरज आहे, सांगायच्या आधी काकूंना विचारलेलं असावं. ताब्याची तारीख तेवढी सांगितली असती तरी भागलं असतं.

ट्रान्सफर फीवरून रक्त आटवू नका. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं, हे राज्य सरकारच्या २००१ च्या परिपत्रकात आहे. कोटीच्या सौद्यात ती रक्कम निम्मी-निम्मी केली की विषय संपतो. सोसायटी 'डेव्हलपमेंट फंड' या नावाखाली आणखी मागत असेल तर दोन्ही एजंटांनी मिळून सेक्रेटरींना भेटावं. एकट्याचं ऐकत नाहीत.

विसाराच्या वेळी काय काय लिहून घ्यावं?

एक पान पुरतं, पण ते दोन्ही एजंटांनी एकत्र बसून लिहिलेलं असावं. रक्कम, हप्ते, मुदत, ताब्याची तारीख, मेंटेनन्स आणि वीजबिल कोणत्या तारखेपर्यंत कोणाचं, ट्रान्सफर फी, मसुदा कोणाचा वकील करणार, आणि बँकेने कर्ज नाकारलं तर विसार परत की जप्त. शेवटचा मुद्दा तोंडी ठेवला की दोन्ही एजंट मेले. चेक नेहमी मालकांच्या नावाने घ्या. 'माझ्या खात्यात टाका, मी देतो' असं कोणत्याही बाजूचा एजंट म्हणाला तर बोलणी तिथेच थांबवा.

घरात काय राहणार याची यादी फोटोसकट करा. प्रभात रोडच्या बाजूला एका फ्लॅटच्या हॉलमध्ये पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा होता. घेणाऱ्या बाईंनी व्हिजिटला त्यावर बसून बघितलं, सगळ्यांना चहा त्यावरच मिळाला, आणि घर पसंत पडण्यात त्या झोपाळ्याचा मोठा वाटा होता. मालकांच्या मते तो आजोबांचा, म्हणजे घराचा भाग नव्हेच. ताब्याच्या दिवशी छतात चार हुक आणि फरशीवर त्याच्या सावलीचा फिकट चौकोन. ९० लाखांचा व्यवहार झाला होता, पण शेवटचा १ लाखाचा चेक झोपाळ्यापायी अडला. दोन्ही एजंटांनी मिळून शनिपारापासून फर्निचरवाले पालथे घालून तसाच दुसरा झोपाळा शोधला आणि पैसे निम्मे-निम्मे घातले. यादीत एक ओळ असती तर ही पायपीट झाली नसती.

कागदपत्रं कोणी गोळा करायची?

विकणाऱ्याचे कागद विकणाऱ्याच्या एजंटने, घेणाऱ्याचे घेणाऱ्याच्या. पण तपासायचे मात्र दोघांनी सगळे. आपल्या हाताखालचं आपल्याला दिसत नाही. तीन जागा अशा आहेत जिथे समोरच्याने आधी सांगितलं म्हणून सौदा वाचतो.

पहिली, मालकाचं कर्ज. घेणाऱ्याची बँक म्हणते मूळ कागद दाखवा. मालकाची बँक म्हणते आधी पैसे भरा, मग कागद. हा तिढा दोन्ही एजंटांनी आपापल्या बँकेच्या माणसाला एका टेबलावर आणल्याशिवाय सुटत नाही. मालकाच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र) आणि कागदांची यादी आधीच काढून ठेवा. कर्ज पूर्ण फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत दिले पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पण ३० दिवस म्हणजेही ३० दिवस. ते वेळापत्रकात धरा आणि तसं समोरच्याला सांगा.

दुसरी, परदेशातले मालक. अमेरिकेत बे एरियातला मुलगा आई-वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट विकतोय हे चित्र आता रोजचं आहे. इथे घेणाऱ्याचा एजंट सवयीने १ टक्का टीडीएस धरतो आणि फसतो. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला १ टक्का हा नियम निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेत्याला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, शिवाय सरचार्ज आणि सेस, आणि आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणलं नाही तर कपात बहुधा पूर्ण रकमेवर होते. ते प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. म्हणून मालक अनिवासी आहेत हे पहिल्या फोनवरच सांगणं विकणाऱ्याच्या एजंटचं काम आहे. कुलमुखत्यारपत्र परदेशात केलेलं असेल तर ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, तेही विसरलं जातं.

तिसरी, वारस. वडील गेले, नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव सोसायटीत लागलं, आणि तो स्वतःला मालक समजतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागणार. घेणाऱ्याच्या एजंटने हे शांतपणे विचारावं आणि समोरच्याने त्यात अपमान मानू नये.

आणखी एक छोटी गोष्ट: मालकांचं पॅन आधारला जोडलेलं आहे का हे विसाराआधी बघून घ्या. नसेल तर टीडीएस १ टक्क्याऐवजी २० टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि नोटीस येते घेणाऱ्याला.

नोंदणीच्या दिवशी दोघांनी काय वाटून घ्यावं?

आदल्या दिवशी अंतिम मसुदा दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा. नावं, फ्लॅट नंबर, चटई क्षेत्र, रक्कम अंकी आणि अक्षरी. मुद्रांक शुल्क भरण्यापूर्वी खरेदीदारांची नावं पक्की करा. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे पुणे शहरात ७ ऐवजी ६. शेवटच्या क्षणी 'माझंही नाव टाका' म्हणून यजमान पुढे आले की ती सवलत गेली. ९० लाखांवर ९० हजार.

त्या दिवशी हवेलीच्या नोंदणी कार्यालयात एका एजंटने स्लॉट आणि कागदांची फाईल सांभाळावी, दुसऱ्याने माणसं: साक्षीदार, गाडी, आजोबांना बसायला खुर्ची, मूळ आधार आणलंय का. सर्व्हर बंद पडणं गृहीतच धरा. त्या दोन तासांत पार्ट्यांना जुने वाद आठवू देऊ नका, सरळ मिसळ खायला न्या. अंगठे आणि फोटो झाले, पावती हाती आली, की मगच चेक इकडून तिकडे.

पितृपक्षात पार्टी टोकन द्यायला तयार नाही. समोरचा एजंट घाई करतोय.

पंधरवड्याने काही बिघडत नाही. त्या काळात कागद तपासून घेतो आणि घटस्थापनेला विसार देतो, असं सांगा. समोरच्या मालकांना विश्वास हवा असेल तर बँकेचं मंजुरीपत्र दाखवा.

समोरचा एजंट 'थोडे रोखीत' म्हणतोय.

तुम्ही त्या निरोपाचे वाहक होऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेतली तर ती ज्याने घेतली त्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढाच दंड होऊ शकतो, हे आयकर कायद्यात आहे. 'आमच्या पार्टीचं सगळं लोनवर आहे, चेकच होणार' एवढं म्हणा. समोरच्याला चोर ठरवायची गरज नाही. बहुतेक वेळा तो मालकांचंच बोलतोय.

समोरचा एजंट फारच नवखा आहे, किंवा फारच उद्धट.

नवख्याची चूक त्याच्या पार्टीसमोर कधीही दाखवू नका. बाजूला घेऊन सांगा, यादी पाठवा, लागलं तर त्याचं कामही करा. त्याच्या पार्टीला मात्र सल्ला देऊ नका, ती त्याची आहे. उद्धटाशी सगळं लेखी. फोनवर आवाज चढला तर 'मी मेसेज करतो' म्हणून ठेवा. आणि त्याचा राग त्याच्या पार्टीवर काढू नका, विशेषतः भावात.

मी ग्राहक आहे. दोन्ही एजंट फार गोडीगुलाबीत दिसतात. त्यांचं साटंलोटं तर नाही?

रास्त शंका आहे. विचारून बघा: 'माझी शेवटची रक्कम त्यांना माहीत आहे का?' आणि 'या व्यवहारात तुम्हाला माझ्याखेरीज आणखी कोणाकडून पैसे मिळणार आहेत का?' दुसऱ्याचं उत्तर लेखी मागा. दोन एजंट एकत्र चहा पितात यात काही वावगं नाही. एकच एजंट दोन्हीकडून ब्रोकरेज घेत असेल आणि ते तुम्हाला आधी सांगितलेलं नसेल, तर आहे.

अमेरिकेत एमएलएस असते. आपल्याकडे तसं का नाही?

तिथे विकाऊ घरांची यादी एजंटांच्या सामाईक व्यवस्थेत जाते, आणि घर बहुतेक एकाच एजंटकडे लेखी करारावर असतं. आपल्याकडे एकच फ्लॅट मालक पाच जणांना देतात, त्यामुळे कोणालाच माहिती उघड करायची नसते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हीच आपली एमएलएस. तिथलीही घडी बदलते आहे: तिथल्या रिअल्टर्स असोसिएशनच्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्याच्या एजंटचं मानधन एमएलएसवर जाहीर करता येत नाही, आणि घर दाखवण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. तो लेखी कराराचा भाग आपण आजही उचलू शकतो.

नव्या प्रोजेक्टमध्ये दोन चॅनेल पार्टनरमध्ये (बिल्डरकडे ग्राहक आणणाऱ्या एजंटांमध्ये) एकाच ग्राहकावरून वाद झाला तर?

तिथे बिल्डरच्या टॅगिंगचा, म्हणजे ग्राहक कोणत्या एजंटच्या नावावर नोंदवायचा याचा, नियम चालतो, तो प्रत्येक साइटवर वेगळा असतो. साइटवर नेण्याआधी नोंद करा. ग्राहक आधीच दुसऱ्याच्या नावावर निघाला तर साइट ऑफिसात तमाशा करू नका, त्या एजंटला फोन करा.

वाद मिटतच नाही. जायचं कुठे?

आधी ठरवा, व्यवहार कुठला आहे. महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नोंदणीकृत प्रोजेक्टमधली विक्री असेल तर रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार एजंटची नोंदणी लागते, महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे, आणि कलम १० मध्ये एजंटची कर्तव्यं दिली आहेत. अशा एजंटविरुद्ध महारेराकडे तक्रार करता येते. जुन्या सोसायटीतल्या रिसेलला हा मार्ग सहसा लागू पडत नाही. तिथे दोघांनाही मान्य असा ज्येष्ठ एजंट किंवा स्थानिक असोसिएशन, नाहीच जमलं तर वकिलाची नोटीस. नोटीस पाठवायच्या आधी व्हिजिटचे मेसेज, विसार पावतीची प्रत आणि ब्रोकरेजचा तो अंगठा एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. वकील पहिल्यांदा तेच मागतात.